जीवशास्त्र शिकायचंय, पैसे माझे मलाच कमवायचेत. कॉलेज कसं निवडू?

पाणकणीस
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ.

बारावी (पीसीबी) होऊन दोन वर्षं होतील. ७४ टक्के होते. मेडिकलची 'नीट' परीक्षा दिली होती, पण नंबर लागण्याइतके मार्क नव्हते. डॉक्टर व्हायची तशी ओढही नव्हती. मला झाडं, किडे, बुरशी यांतच रस. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर काय काय उगवतं ते बघत मी तासभर बसू शकते. बाबांचं दुकान कर्जात गेलं तेव्हापासून मी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. घरून पैसे मिळणार नाहीत. आई देईल म्हणते, पण तिच्याकडून घ्यायचे नाहीत हे मी ठरवलंय. साठलेले ६२ हजार आहेत.

येत्या जूनमध्ये प्रवेश घ्यायचाच आहे. साधी बीएस्सी करू की बायोटेक? तालुक्याच्या कॉलेजात राहू की पुण्या-मुंबईला जाऊ? नोकरी सांभाळून रेग्युलर जमतं का, की मुक्त विद्यापीठ बरं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

खारफुटी
सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ही मला कोणी सांगितली नव्हती. कॉलेजचं नाव बघण्याआधी तो विषय तिथे अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचार. एकाच इमारतीत दोन्ही असतात. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची वर्षाची फी आठ-नऊ हजारांच्या आसपास होती, आणि वरच्याच मजल्यावर बायोटेकची पस्तीस हजार. वनस्पतिशास्त्र जुनं, शिक्षकांचे पगार सरकार देतं. बायोटेक नंतर सुरू झालेलं, त्याचा सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून. बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसेल.

मी बायोटेक घेतलं. नाव भारी वाटलं म्हणून. तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) काचेतूनच पाहिलं. खालच्या मजल्यावरची मुलं मात्र दर आठवड्याला सूक्ष्मदर्शकाखाली छेद घेत होती. तुझी आवड तू लिहिलीस ती वाचून वाटतं, तू खालच्या मजल्यावर जावंस.

रातराणी
खारफुटी यांना +१.

सूक्ष्मदर्शी
थोडा असहमत. मी मायक्रोबायोलॉजी केलं, तेही विनाअनुदानित तुकडीतून, आणि निकालाच्या दुसऱ्या महिन्यात औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये लागलो. जिला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय तिच्यासाठी तीन वर्षांनंतरची पहिली नोकरी ही चैनीची बाब नाही. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांना लगेच नोकरी मिळताना मी कमी पाहिलं आहे.

मायक्रो काही जुन्या कॉलेजांत अनुदानितही असतं. मिळालं तर ते सोडू नकोस. बुरशी तिथेही आहेच.

खारफुटी
सूक्ष्मदर्शी, मायक्रोबद्दल तुमचं म्हणणं मान्य. माझा आक्षेप महागड्या लेबलला आहे, विषयाला नाही. आणि अजून एक मुद्दा आहे. जीवशास्त्रात पैसे मिळायला लागतात ते पुढे. 'गॅट-बी' प्रवेश परीक्षेतून डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) मदतीने चालणाऱ्या एमएस्सी बायोटेकला प्रवेश मिळाला तर महिना ५,००० रुपये विद्यावेतन मिळतं. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती) मिळवलीत तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. आणि या परीक्षा बीएस्सी कुठल्या कॉलेजातून केली हे विचारत नाहीत. म्हणजे पहिली तीन वर्षं स्वस्तात आणि पक्की करायची, कर्ज न घेता. बीएस्सीसाठी लाख-दोन लाखांचं कर्ज काढलेली मैत्रीण एमएस्सीचा विचारच करू शकली नाही. हप्ते सुरू झाले होते.

तळ्यातमळ्यात
फीवरच सगळी चर्चा चालली आहे. मी पुण्यात तीन वर्षं काढली. फी हा माझ्या खर्चाचा सगळ्यात लहान तुकडा होता. खोली, डबा, पास, झेरॉक्स. ६२ हजारांत पुण्यात कॉट बेसिसवर राहिलीस तर दिवाळीपर्यंत पैसे संपतील. आधी राहायचं कुठे ते ठरव, कॉलेज त्याच्या मागून.

पुण्यातच जायचं असेल तर विद्यार्थी सहाय्यक समितीचा अर्ज नक्की भर. १९५५ पासूनची संस्था आहे, खेड्यापाड्यांतून येणाऱ्या, परिस्थिती बेताची असलेल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. मुलाखत होते, जागा मर्यादित असतात, म्हणून निकालाची वाट न बघता चौकशी सुरू कर. तिथे राहणाऱ्यांनी वसतिगृहाची कामं वाटून घ्यायची असतात. पण एकत्र राहून जी सवय लागते ती पैशात मोजता येत नाही.

पहाटपाळी
पाणकणीस, मी तुझ्याच वाटेने गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

मी दुकानात नव्हते, पण सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे. आधी डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) केलं होतं. पहाटे साडेपाचला बाहेर, नऊपर्यंत नमुने लॅबमध्ये, दहाला कॉलेज. उपाशीपोटी तपासणी करणारे लोक सकाळीच हवे असतात, म्हणून हे काम कॉलेजच्या वेळेआधी संपतं. आठ तासांची काउंटरवरची नोकरी आणि बीएस्सीची प्रॅक्टिकल्स एकत्र जमत नाहीत, हे मी जमवायचा प्रयत्न केलेल्या दोघींकडे बघून सांगतेय.

कारण असं. कला-वाणिज्यची मुलं सकाळच्या तासांनंतर मोकळी होतात. आपली प्रॅक्टिकल्स दुपारी सुरू होतात, आणि बॅच कोणती मिळेल ते आपल्या हातात नसतं. त्यात ७५ टक्के हजेरी. पहिल्या सत्रात माझी हजेरी कमी भरली, जर्नलवर सही मिळेना. मी विभागप्रमुख मॅडमना सरळ सांगितलं की मी काम करते. त्यांनी मला माझ्या कामाच्या वेळेशी जुळणाऱ्या बॅचमध्ये टाकलं. हे आधीच सांगितलं असतं तर एक सत्र रडत गेलं नसतं.

म्हणून माझा सल्ला हा: प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जा आणि चालू वर्षाचं वेळापत्रक बघायला माग. माहितीपत्रक नको, नोटीस बोर्डावर लावलेलं वेळापत्रक. कॉलेज स्वस्त आहे की महाग हे त्या कागदावर कळतं. फी चार हजारांनी कमी असेल पण पाचही दिवस साडेपाचपर्यंत प्रॅक्टिकल असेल, तर तुझा पगार गेला.

आणि प्रयोगशाळा सहायकांशी बोल. सूक्ष्मदर्शक किती चालू आहेत, केमिकल वेळेवर येतात का, हे तेच खरं सांगतात.

झाडपाला
पहाटपाळी ताई, प्रतिसाद जपून ठेवतोय.

सातारकर_मास्तर
निवृत्त प्राध्यापक आहे, प्राणिशास्त्र. सदस्यांनी 'कमवा आणि शिका'चा उल्लेख कसा केला नाही?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तीच 'स्वावलंबी शिक्षण' या विचारावर. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं तेव्हा मुलं शेतात, बांधकामावर राबून शिकत. त्या मुलांतले कित्येक पुढे प्राध्यापक झाले, त्यांतल्या काहींच्या हाताखाली मी शिकलो. काम करून शिकण्यात महाराष्ट्रात कधी कमीपणा नव्हता, पोरी, हे लक्षात ठेव.

आज ही योजना बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत आहे. ग्रंथालय, बाग, कार्यालय, प्रयोगशाळा अशा ठिकाणी दिवसाला दोन-तीन तास काम, तासावर पैसे. त्यातून सगळा खर्च निघत नाही, हे खरं. पण काम कॉलेजच्या आवारातच असतं आणि वेळ तासांशी जुळवून देतात. वनस्पतिशास्त्राच्या बागेचं काम मागून घे. माझ्या एका विद्यार्थ्याला तीन वर्षं बाग सांभाळून दीडशे झाडांची शास्त्रीय नावं पाठ झाली होती, त्याला वर्गीकरणाच्या पेपराचा वेगळा अभ्यास करावा लागला नाही.

अवांतर: डिसेक्शन बॉक्स विकत घेऊ नकोस. दुकानदार अजूनही गळ्यात मारतात. २०१४ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितलं. वनस्पतींचे छेद घ्यायला ब्लेड, सुया, चिमटा, ब्रश पुरतात.

तळ्यातमळ्यात
सर, आमच्या वेळी बेडूक होते. एक वर्गातून निसटला आणि थेट गणिताच्या तासाला गेला. त्या दिवशी गणिताच्या वर्गाची हजेरी पहिल्यांदा शून्य झाली.

सातारकर_मास्तर
तो बेडूक शहाणा. प्राणिशास्त्र सोडून गणिताकडे गेला तो जगला.

दगडफूल
हसून झालं असेल तर एक वेगळी दिशा सुचवतो. धागाकर्तीने बारावीनंतर दोन वर्षांचा खंड सांगितलाय, त्यामुळे काही दारं बंद आहेत. एक मात्र उघडं आहे, त्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी प्रवेश परीक्षेला त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी बारावी झालेली लागते. तिथे तू बसत नाहीस. पण नायसर भुवनेश्वर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं सीईबीएस या विज्ञान संस्थांची जी नेस्ट प्रवेश परीक्षा असते, तिला त्याआधीच्या वर्षाचे विद्यार्थीही चालतात. पाच वर्षांचा एकत्रित एमएस्सी अभ्यासक्रम आहे. आणि पीसीबीवाल्यांसाठी महत्त्वाचं: आयएटीत चारही विषय धरले जातात, गणितासकट. नेस्टमध्ये चार विभागांपैकी उत्तम तीन धरतात. म्हणजे गणित बाजूला ठेवता येतं.

तिथल्या पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ६०,००० रुपये शिष्यवृत्ती आणि उन्हाळी प्रकल्पासाठी वेगळे २०,००० असतात. वसतिगृह आहे. नोकरी करावी लागत नाही, करता येतही नाही, अभ्यास तसा आहे. परीक्षा सोपी नाही. पण पाच महिने आहेत, आणि अर्ज करायला काय जातं? सूचनापत्रात पात्रतेचं वर्ष मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासून घे.

यंदा बारावीला असलेलं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: इन्स्पायर शिष्यवृत्तीही वर्षाला ८०,००० ची आहे, बारावीत बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात असलेल्यांना, पण मूलभूत विज्ञानाच्या ठरावीक विषयांसाठीच. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन त्या यादीत आहेत. बायोटेक्नॉलॉजी नाही. प्रवेश घेतल्यावर हे कळून हळहळलेली दोन मुलं मला माहीत आहेत.

पाणकणीस
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. दगडफूल, नेस्टचं नावही मी ऐकलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. मुलींना आता सगळं शिक्षण मोफत झालंय असं दुकानातले लोक म्हणतात. ते बीएस्सीला लागू आहे का?

कृषीकन्या
नाही, आणि या गैरसमजात बऱ्याच मुली फसतात. जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत. साधी बीएस्सी त्यात येत नाही.

पण मी ज्यासाठी लिहायला आले ते हे. बीएस्सी कृषी त्यात येते. तुझी पहिली पोस्ट परत वाच: झाडं, किडे, बुरशी. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र आणि वनस्पती रोगशास्त्र असे दोन स्वतंत्र विभागच असतात. रोगशास्त्र म्हणजे अर्ध्याहून जास्त बुरशीच! मी राहुरीला शिकले. दुसऱ्या वर्षी आम्ही करप्याची पानं गोळा करून बुरशी वाढवत होतो, आणि त्याचे आम्हाला मार्क मिळत होते.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार विद्यापीठं आहेत. शासकीय महाविद्यालयच धर, खासगीची फी फार वेगळी असते. एमएचटी-सीईटी द्यावी लागते, बारावीनंतरचा खंड त्यात आड येत नाही. दापोली आणि अकोल्याला वनशास्त्रही आहे.

तोटाही सांगते. चार वर्षं आहेत, शेवटच्या वर्षात गावात जाऊन राहायचं असतं, आणि पूर्ण वेळ आवारात. बाहेर नोकरी करणं अशक्य. मेसचे पैसे दर महिन्याला लागतातच.

सूक्ष्मदर्शी
हा पर्याय माझ्या डोक्यातही नव्हता. पाणकणीस, तुझ्यासाठी मी माझं मत बदलतो.

खारफुटी
मी नाही बदलत, पण गप्प बसते. :)

रातराणी
मुक्त विद्यापीठाचं कोणी बोललंच नाही. मी इग्नूतून बीएस्सी केली, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन. पूर्ण वेळ नोकरी करत. प्रॅक्टिकल्स अभ्यासकेंद्रावर काही दिवस सलग घेतात, त्यासाठी रजा काढायची. पदवी यूजीसीमान्य आहे, मी त्यावर रेग्युलर एमएस्सी केली, कोणी अडवलं नाही.

पण तुला सुचवताना हात आखडतो. विज्ञानाचं केंद्र जवळ असेलच असं नाही, आणि जिथे आहे तिथे तुझ्या विषयाची प्रॅक्टिकल्स खरोखर होतात का हे विचारावं लागतं. मला चार वर्षं लागली. आणि सोबत कोणी नव्हतं. पान समोर धरून 'हे काय आहे गं?' असं विचारायला माणूस लागतो या विषयात.

कागदपत्रवाला
मी सेतू केंद्रात काम करतो. दरवर्षी जून-जुलैत मुलं रडकुंडीला येतात, म्हणून हे लिहितो.

तू स्वतः कमावतेस, घरून काही घेत नाहीस, तरी शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं उत्पन्न धरतात. वडिलांच्या नावाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. एप्रिल उजाडला की लगेच अर्ज कर, जूनमध्ये रांगा असतात. दोन वर्षांचा खंड आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेव, कॉलेजही मागतं आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरही लागतं. आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का ते बघ, बरेच पैसे तिथेच अडकतात. प्रवर्ग इथे लिहू नकोस, पण कुठली योजना लागू हे त्यावर ठरतं: शाहू महाराज योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता, स्वाधार, सगळ्यांचे निकष निराळे.

आणि हे ध्यानात ठेव, महाडीबीटीचे पैसे उशिरा येतात. कधी वर्ष संपल्यावर येतात. त्या पैशांवर फी भरायचा बेत करू नकोस. फी हप्त्याने घेता का, हे प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन विचार.

पहाटपाळी
कागदपत्रवाला दादांचं अक्षर न् अक्षर खरं. माझी पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आली.

झाडपाला
चार वर्षांच्या पदवीचं काय? तीन करावीत की चार?

सातारकर_मास्तर
नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि दोन वर्षांची एमएस्सी करता येते, किंवा चार वर्षांची ऑनर्स करून एक वर्षाची एमएस्सी. वर्षं तितकीच. ज्याला पैशांची चणचण आहे त्याने तीन वर्षांनी हातात पदवी घ्यावी असं मला वाटतं, मध्येच काही झालं तर कागद तरी हाती असतो. पण ते तीन वर्षांनी ठरवायचं, आज नाही.

पाणकणीस
तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व.

सीईटीचा अर्ज भरला. नेस्टची अधिसूचना आली की तोही भरणार, पात्रतेचं वर्ष बघूनच. आणि सुटीच्या दिवशी दोन कॉलेजांत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी वेळापत्रक मागितलं तर कार्यालयातले म्हणाले, 'आधी प्रवेश घ्या, मग बघा.' तिथून निघाले. दुसरं तालुक्याचंच आहे, घरापासून सायकलवर वीस मिनिटं. वनस्पतिशास्त्र अनुदानित. प्रॅक्टिकल्स आठवड्यातल्या तीन दुपारी, शुक्रवार-शनिवार दीडला सुटतं. मी दुकानाच्या मालकांशी बोलले, ते संध्याकाळची पाळी द्यायला तयार आहेत, पगार कमी होईल पण बंद होणार नाही.

पहाटपाळी ताई, प्रयोगशाळा सहायक काकांना भेटले. चौदा सूक्ष्मदर्शक आहेत, अकरा चालू. त्यांनी मोजून सांगितले.

कृषीला नंबर लागला तर तिकडे जाईन, नाहीतर हे. दोन्हीतलं काही झालं तरी वाईट वाटणार नाही असं आज वाटतंय.

दगडफूल
छान! त्या कॉलेजात हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे का?

पाणकणीस
आहे. लाकडी कपाट, किल्ली काकांकडेच असते. त्यांनी उघडून दाखवलं. सगळ्यात खालच्या खणात दगडफुलांची पाकिटं आहेत, कोणीतरी फार पूर्वी गोळा केलेली. नावं लिहिलेली नाहीत. काका म्हणाले, प्रवेश घेतलास तर ओळखायला तुलाच बसवतो.

दगडफूल
मग पाकिटांवर ठिकाण आणि तारीख लिहिली आहे का तेवढं बघून ये. ती असेल तर नाव आपण शोधू.